गेल्या दोन-तीन वर्षांतले कोणते मराठी चित्रपट आई-वडिलांसोबत बसून बघता येतील?

तुम्ही लिहिलंय की सुट्टीत घरी आई-बाबा आणि कॉलेजात जाणारी बहीण असे सगळे एकत्र असणार, आणि मित्र सांगतात की मराठीत हल्ली एक तर विनोदी नाही तर ऐतिहासिक, तिसरं काही येतच नाही. मित्रांचं हे म्हणणं मला अजिबात पटत नाही. तुम्ही 'स्थळ'पासून सुरुवात करा.

मी मूळची यवतमाळ जिल्ह्यातली, वणीजवळच्या एका गावची. पुण्यात येऊन बारा वर्षं झाली. लहानपणापासून सिनेमात, मालिकांत आमच्याकडची बोली ऐकली ती फक्त हसण्यासाठी. वऱ्हाडी बोलणारा माणूस म्हणजे गडी, नाहीतर नायकाचा वेंधळा मित्र. त्यानं 'काहून' म्हटलं की प्रेक्षक हसले पाहिजेत, एवढंच त्याचं काम. प्रेम करणारी, रडणारी, विचार करणारी माणसं मात्र पुण्या-मुंबईचं पुस्तकी मराठी बोलायची. त्यामुळे नवा मराठी चित्रपट आला की मी सगळ्यात आधी कान लावते: ही माणसं कुठली आहेत, आणि तिथल्यासारखी बोलतात का? मला आवडलेल्या अलीकडच्या चित्रपटांमध्ये हे उत्तर जवळजवळ प्रत्येक वेळी 'हो' असं आलं आहे. खालची नावं त्याच कानानं निवडलेली आहेत, हे आधीच सांगते.

'स्थळ' जयंत दिगंबर सोमलकर यांचा. 2023 मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला, आपल्याकडे तो 7 मार्च 2025 ला लागला. विदर्भातलं डोंगरगाव, कापूस पिकवणारा बाप, शिकणारी मुलगी सविता, आणि तिला बघायला येणारी एकामागून एक स्थळं. सुरुवातीलाच एक प्रसंग आहे: बायका बैठकीत बसल्या आहेत आणि मुलाला समोर बसवून त्याची उंची, शिक्षण, आवडीनिवडी विचारत आहेत. ते स्वप्न असतं. डोळे उघडल्यावर सगळं नेहमीसारखं. पोह्यांच्या बशा, चहा, माजघरातून डोकावणाऱ्या बायका, आणि तेच ते प्रश्न. दिग्दर्शक तो कार्यक्रम पुन्हा पुन्हा, जवळपास तसाच दाखवतो. पहिल्या वेळी तुम्ही हसता. दुसऱ्या वेळी थोडं कमी. पुढे पुढे खुर्चीत अवघडल्यासारखं होतं.

मला असे अकरा जण बघून गेले होते. प्रत्येक वेळी उंची विचारायचे, म्हणून बाबांनी एकदा मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि पेन्सिलीनं खूण करून टेपनं मोजून ठेवली. पाच फूट एक इंच. म्हणजे मग सांगताना चूक नको. 'स्थळ' बघताना मला ती चौकट दिसत होती. आईला मुद्दाम सोबत नेलं होतं. मध्यंतरापर्यंत ती गप्प होती, मग म्हणाली, "हे तं आपल्याच घरचं हाय वं." माझ्या डाव्या हाताला पुण्याच्याच असाव्यात अशा दोन मुली बसल्या होत्या. त्या संवाद कळावेत म्हणून खालच्या इंग्रजी ओळी वाचत होत्या. आमची भाषा कळून घेण्यासाठी कुणीतरी एवढं लक्ष देतंय, हे मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला फार बरं वाटलं.

सविताचं काम नंदिनी चिकटेनं केलं आहे. तिच्यासह पडद्यावरची बहुतेक माणसं नेहमीची नट मंडळी नाहीत, त्यामुळे कुणी 'गावाकडचं बोलून दाखवतंय' असं वाटत नाही. बापाला मी खलनायक म्हणणार नाही, आणि चित्रपटही म्हणत नाही. कापसाला भाव मिळेना की पोरीचं लग्न अडतं, आणि हुंड्याचा आकडा ठरताना पोरगी खोलीत नसते, हे सगळं आवाज न चढवता येतं. तुमच्या बहिणीला हा नक्की दाखवा, आणि बाबांना तिच्या शेजारी बसवा.

याच्या जोडीला 'पाणी' बघा. आदिनाथ कोठारे यांचा. 2019 च्या चित्रपटांसाठी दिलेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत पर्यावरण संवर्धनाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याची निवड झाली आणि चित्रपटगृहात तो आला ऑक्टोबर 2024 मध्ये. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीतले हनुमंत केंद्रे यांच्या खऱ्या कामावर तो बेतलेला आहे. गावात पाणी नाही, म्हणून त्या गावात कुणी मुलगी द्यायला तयार नाही. इथे स्थळ नाकारलं जातं ते मुलाचं. मग तो गावालाच पाणी आणायला निघतो. काही ठिकाणी चित्रपट शाळेतल्या धड्यासारखा होतो, पण लग्न आणि पाण्याचा हंडा यांची जी गाठ आहे ती मराठवाड्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे, आणि इथे ती सरळ दिसते.

आता 'दशावतार'. तुमच्या आई-बाबांनी बहुतेक नाव ऐकलंच असेल. सुबोध खानोलकर यांचा हा चित्रपट 12 सप्टेंबर 2025 ला लागला आणि मराठीत फार दिवसांनी हाउसफुल्लचे बोर्ड बघायला मिळाले. दिलीप प्रभावळकर वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी बाबुली मेस्त्री नावाचा, कोकणातल्या दशावतारी लोकनाट्यात काम करणारा कलावंत झाले आहेत. नजर अधू होत चाललेली, पोरगा म्हणतो आता बस करा, आणि याला रंग लावल्याशिवाय जगता येत नाही. दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद त्या रात्री त्या देवळासमोर सुचतील ते. हे माहीत असलं की प्रभावळकरांनी काय केलंय ते जास्त कळतं, कारण ते बाबुली रंगात असताना वेगळे बोलतात आणि घरात जेवताना वेगळे. उत्तरार्धात खाणीचा विषय येतो, कथा सुडाकडे वळते आणि आवाज वाढतो. मला पहिला अर्धा भाग जास्त जवळचा वाटला, माझ्या आईला दुसरा. ती शेवटी शेवटी खुर्चीच्या टोकावर येऊन बसली होती. म्हणजे घरात दोन्ही स्वभावाची माणसं असतील तर हा सगळ्यांना पुरेल.

'आता थांबायचं नाय!' हाही सगळ्यांनी बघण्याजोगा. शिवराज वायचळ यांनी केलेला, 1 मे 2025 ला आलेला. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीची परीक्षा देतात, ही खरी घडलेली गोष्ट. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांनाही आपण विनोदी कामांसाठीच ओळखतो. इथे दोघांनी दमलेल्या माणसाचं बोलणं पकडलंय: दिवसभर गटारात, कचऱ्यात काम करून रात्री बाकावर बसलेला माणूस वाक्य पूर्ण करत नाही, अर्ध्यावर सोडतो. माझे बाबा सातवी शिकलेले. हा चित्रपट त्यांनी दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा शेजारच्या काकांना घेऊन.

झटपट काही नावं. आईला काहीतरी हलकं आणि तरी खरं हवं असेल तर 'नाच गं घुमा', घरमालकीण आणि कामवाली ताई यांची गोष्ट, मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव. रहस्य हवं तर परेश मोकाशी यांचा 'वाळवी', 2023 च्या जानेवारीतला. त्याची गोष्ट आधी कुणाकडून ऐकू नका. घरात लहान मूल असेल तर 'नाळ 2'. आणि बहिणीसाठी 'आत्मपॅम्फलेट', आशिष बेंडे यांचा, ज्यात शाळेतल्या एका मुलाचं पहिलं प्रेम आणि देशात त्या काळी चाललेलं सगळं एकाच दमात सांगितलं जातं. त्याला 2023 च्या चित्रपटांमध्ये सर्वोत्कृष्ट पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जातीबद्दल इतक्या हसत्या चेहऱ्यानं आणि इतकं ठामपणे बोलणारं मराठीत मी दुसरं पाहिलेलं नाही.

ऐतिहासिक चित्रपटांची नावं मी देत नाही. ती तुम्हाला माझ्याशिवायही कळतील, त्यांच्या जाहिराती एसटी स्टँडवरसुद्धा असतात.

एक व्यवहाराची गोष्ट. चित्रपटगृहात बघायचा असेल तर पहिल्या शुक्रवार ते रविवारात बघा. 'स्थळ' दुसऱ्यांदा बघायला मी पुढच्या आठवड्यात गेले, तर आमच्या भागातल्या एका मल्टिप्लेक्सला दिवसभरात एकच खेळ उरला होता, तोही सकाळी सव्वानऊला, तोही मंगळवारी काढून टाकला. नोकरी करणाऱ्यानं जायचं कधी? पहिल्या तीन दिवसांच्या तिकिटांवर पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात, त्यामुळे 'जाऊ पुढच्या रविवारी' म्हटलं की तो रविवार येतच नाही. एरवी ओटीटीवर नाव टाकून शोधा, पण मोठ्या टीव्हीवर आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

आता तुमच्या प्रश्नातला तो शेवटचा भाग. 'साबर बोंडं' बघायची फार इच्छा आहे पण आई-बाबांसोबत बसून बघता येईल का, असं तुम्ही विचारलंय.

रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला मोठा चित्रपट. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात आंतरराष्ट्रीय कथापट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक त्यानं मिळवलं. तिथे निवडला गेलेला तो पहिला मराठी चित्रपट. आपल्याकडे आला 19 सप्टेंबरला, 'दशावतार' जोरात चालू असताना. मुंबईत कॉल सेंटरला काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांचं सुतक पाळायला आईसोबत गावी येतो. नातेवाईक एकसारखे लग्नाचं विचारतात. गावात त्याचा बालपणीचा सोबती बाळ्या आहे, त्याच्याही मागे लग्नाचा लकडा. दोघांचं एकमेकांवर प्रेम जडतं. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी थांबून राहतो आणि माणसं चौकटीत येतात, जातात. सुतकात घर जसं थांबलेलं असतं, तसंच.

हे नाव ऐकून पुण्यातल्या माझ्या ऑफिसात तिघांनी विचारलं, म्हणजे काय? साबर म्हणजे निवडुंग, बोंडं म्हणजे त्याची लाल फळं. आनंदला ती खावीशी वाटतात आणि बाळ्या ती शोधून आणतो. 'निवडुंगाची फळं' असं नाव दिलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं, आणि त्या दोघांचं जे आहे ते निसटलं असतं. जे त्या मातीत वाढलेल्यालाच माहीत असतं, ते एकानं दुसऱ्यासाठी काटे सोसून आणणं, हे त्या शब्दातच आहे. दोन पुरुषांच्या प्रेमासाठी आपल्या पुस्तकी मराठीत एक तर परिभाषेतला जड शब्द आहे नाहीतर शिवी. या चित्रपटातली माणसं दोन्ही वापरत नाहीत. ती जेवलास का विचारतात, शेळ्या वळायला सोबत जातात, झाडाखाली आडवी होतात.

बघता येईल का, तर हो. एक-दोन प्रसंगी बाबा घसा खाकरतील. खाकरू द्या. त्यातली आई बघा, जयश्री जगताप यांनी केलेली. तिला सगळं ठाऊक आहे, आणि नातेवाईकांसमोर काय बोलायचं तेही तिला ठाऊक आहे.

मी माझ्या आईला घेऊन गेले होते. न सांगता नेलं, मनात धाकधूक होती. बाहेर आल्यावर रिक्षात ती काहीच बोलली नाही. घरी येऊन पाय धुतले, चहा टाकला, आणि मग म्हणाली की आमच्याकडे त्याला नागफणी म्हणतात, तिच्या माहेरी बांधावर रांगच होती, आणि पोरीपोरी मिळून ती फळं फडक्यात घोळून काटे काढून खायच्या. जीभ, ओठ, बोटं सगळं लालभडक व्हायचं, आणि घरी गेल्यावर लपवता यायचं नाही. चहा गाळेपर्यंत ती त्या मैत्रिणींची नावं आठवत होती. मग कप माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "त्या पोराची माय चांगली होती. तिनं त्याले एक डाव बी 'लोक काय म्हनतीन' असं नाही इचारलं."