जिल्हा परिषदेच्या शाळेला पुरेसा निधी म्हणजे किती, हे कसं काढायचं?

गेल्या वर्षीचा खर्च भागिले पटसंख्या, असा हिशेब करू नका. त्यात जुनी उणीवच पुढे चालू राहते. शाळेला काय लागतं, तिथून सुरुवात करा. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिकला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेतच. म्हणून २२ पटाच्या वाडीवरच्या शाळेत दरडोई खर्च जास्त दिसणारच, ती उधळपट्टी नव्हे. सर्वात मोठा वाटा पगाराचा. मग खोल्या, पाणी, दुरुस्ती, दिव्यांग मुलांच्या सोयी.

समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेतलं संयुक्त शाळा अनुदान ३० पटापर्यंत वर्षाला १०,००० रुपये, म्हणजे महिन्याला साधारण ८३३. त्यात वीजबिल, खडू, स्वच्छतागृहाची सफाई, गळकं छप्पर! गुरुजींनी पदरमोड तरी किती करायची?