मराठी वेबसाइटच्या पानांची टायटल कशी लिहावीत, म्हणजे ती गूगलवर वर दिसतील?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: गडकिल्ल्यांच्या भटकंतीवर तुमची मराठी साइट आहे, साठ-सत्तर पानं झाली आहेत, मजकूर स्वतः फिरून लिहिलेला आहे, तरी गूगलवर पानं फार खाली सापडतात. नमुना म्हणून तुम्ही एक टायटल (म्हणजे गूगलच्या निकालात पानाच्या नावाची जी ठळक ओळ दिसते ती) दिलं आहे: 'हरिश्चंद्रगड | किल्ले | ट्रेकिंग | सह्याद्री | भटकंती | महाराष्ट्र'. मराठी साइट्ससाठी मी हेच काम करते, आणि स्वतः पायपीट करून लिहिलेला मजकूर केवळ टायटलपायी मागे पडलेला पाहिला की मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या टायटलमधले सहा शब्द घ्या. किल्ले, ट्रेकिंग, सह्याद्री, भटकंती, महाराष्ट्र हे पाच शब्द तुमच्या प्रत्येक पानाला लागू पडतात. म्हणजे साठ पानांची ओळख एकाच शब्दावर उभी आहे, आणि तो शब्दही पुरेसं काही सांगत नाही. 'हरिश्चंद्रगड' शोधणारी सगळी माणसं एकच गोष्ट शोधत नसतात. कुणाला मुलाबाळांना घेऊन पाचनईहून सोप्या वाटेनं चढायचं असतं. कुणी पुण्याकडून येऊन खिरेश्वरला उतरणार असतो आणि टोलार खिंडीतून वर जाणार असतो. तिसरा बेलपाड्याहून नळीच्या वाटेनं कोकणकड्याच्या बाजूला निघणार असतो, आणि ती वाट नवख्याची नाही. या तिघांना एकाच टायटलखाली बोलावलं तर तिघांपैकी कुणालाच 'हे माझ्यासाठी आहे' असं वाटत नाही.

टायटल एसटीच्या पाटीसारखं असावं: कुठे जाणार आणि कुठल्या मार्गे. तुमच्या एका पानाची तीन पानं करा आणि त्यांना अशी टायटल द्या:

'हरिश्चंद्रगड ट्रेक: पाचनई मार्ग, लागणारा वेळ आणि मुक्काम'
'हरिश्चंद्रगड: खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट'
'हरिश्चंद्रगड नळीची वाट: बेलपाडा ते कोकणकडा'

तिन्हींमध्ये गडाचं नाव पहिलं आहे आणि ते मूळ रूपात आहे, 'हरिश्चंद्रगडावर' किंवा 'हरिश्चंद्रगडाच्या' असं नाही. मराठीत प्रत्यय लागला की शब्दाचं रूपच बदलतं, 'किल्ला' लिहायला जावं तर 'किल्ल्यावरची' होतं. शोधणारा मात्र बहुतेक वेळा मूळ रूपच टाइप करतो. त्यामुळे मुख्य नाव टायटलमध्ये निदान एकदा तरी विनाप्रत्यय यावं, असा माझा आग्रह असतो. वाक्य ओढूनताणून करावं लागत असेल तर मात्र सोडून द्या. वाचायला अवघडणारं टायटल कुणालाच नको असतं.

नाव एकच आणि अर्थ अनेक, हा घोळ किल्ल्यांच्या बाबतीत फार होतो. रायगड हे गडाचं नाव आहे आणि जिल्ह्याचंही. कुलाबा जिल्ह्याचं नाव १९८१ मध्ये रायगड झालं. त्याच वर्षी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला, म्हणजे मालवणच्या किल्ल्याचीही तीच कथा. नुसत्या 'रायगड' या शब्दावर तुमचं पान जिल्हा प्रशासनाच्या साइटशी, विकिपीडियाशी आणि दररोजच्या बातम्यांशी झुंजणार. ती झुंज खेळूच नका. 'रायगड रोपवे: वेळ, तिकीट आणि पाचाडहून हिरकणीवाडीला कसं जावं' असं टायटल असलेल्या पानाला स्पर्धक थोडे असतात, आणि येणारा प्रत्येक जण खरा गरजू असतो. याच्या उलटही होतं: एकाच गडाला दोन नावं. देवगिरी आणि दौलताबाद ही दोन्ही नावं लोक टाइप करतात, म्हणून तिथे 'देवगिरी (दौलताबाद) किल्ला' असं लिहिणं रास्त आहे. ते कीवर्ड कोंबणं, म्हणजे शोधाचे शब्द उगाच ठासून भरणं, होत नाही. जिल्ह्यांची बदललेली नावं, उदाहरणार्थ अहमदनगरचं अहिल्यानगर, मजकुरात जुनी-नवी दोन्ही द्या. टायटलमध्ये जिल्हा लागतोच असं नाही.

लोक काय टाइप करतात हे कळायला आधी पैसे खर्च करून साधनं घेऊ नका. गूगलच्या चौकटीत 'राजगड' लिहून थांबा आणि खाली काय काय सुचवलं जातं ते वाचा. आपल्याकडे बऱ्याच नावांपुढे 'माहिती मराठी' हे दोन शब्द हमखास दिसतात. यातले पुष्कळ जण शाळेच्या प्रकल्पासाठी शोधणारी मुलं आणि त्यांचे पालक असतात. तुमचं पान इतिहासाचं असेल तर 'राजगड किल्ल्याची माहिती: इतिहास, माच्या आणि बालेकिल्ला' हे टायटल त्यांना बरोबर बसेल. पान वाटेचं, पाण्याचं, मुक्कामाचं असेल तर ते दोन शब्द मुळीच घालू नका. निबंधासाठी आलेलं मूल तुमच्या पार्किंगच्या माहितीवरून लगेच मागे फिरणार आणि तुमच्या हाती काहीच लागणार नाही.

आता गूगल स्वतः काय करतं ते सांगते, कारण बरेच जण इथे चकतात. तुम्ही लिहिलेलं टायटल निकालात जसंच्या तसं दिसेल याची हमी नसते. ऑगस्ट २०२१ मध्ये गूगलनं पद्धत बदलली आणि टायटल टॅग (पानाच्या कोडमध्ये तुम्ही लिहिलेलं टायटल) पटला नाही तर पानावरचं मोठं शीर्षक किंवा इतर ठळक मजकूर उचलायला सुरुवात केली. त्यावर जगभरातून बरीच ओरड झाली. पुढच्याच महिन्यात गूगलनं सांगितलं की साधारण ८७ टक्के वेळा टायटल टॅगच वापरला जातो, आधी हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होतं. बदललं कधी जातं? टायटल अर्धवट असेल, सगळ्या पानांना एकच असेल, त्यात जुनं वर्ष राहून गेलं असेल, किंवा ते मजकुराशी जुळत नसेल तर. तुमचं उभ्या रेघांचं टायटल यात सहज सापडतं. म्हणून टायटल आणि पानावरचं मुख्य शीर्षक एकमेकांच्या जवळपास ठेवा. दोन्हीत एकच गोष्ट सांगितली असेल तर गूगलला बदलायचं कारण उरत नाही.

मराठीसाठी त्याहून महत्त्वाचा बदल जून २०२२ मधला आहे. पानाचा मजकूर एका लिपीत आणि टायटल दुसऱ्याच भाषेत किंवा लिपीत असेल, तर मजकुराच्या भाषेशी आणि लिपीशी जुळणारं टायटल निवडण्याची व्यवस्था गूगलनं आणली. आपल्याकडे आतला सगळा मजकूर देवनागरीत आणि टायटल रोमन लिपीतल्या मराठीत, अशा साइट्स पुष्कळ आहेत, कारण 'लोक इंग्रजी कीबोर्डवरच शोधतात' असं कुणीतरी सांगितलेलं असतं. लोक रोमनमध्ये शोधतात हे खरंच आहे. पण त्यासाठी टायटल रोमन करण्याची गरज नाही. टायटल सरळ मराठीत, देवनागरीत लिहा. रोमन नाव पानाच्या पत्त्यात (URL मध्ये) येऊ द्या आणि मजकुरात एकदा येऊ द्या, तेवढं पुरतं. एकाच टायटलमध्ये दोन्ही लिप्या दाटीवाटीनं बसवल्या की जागा संपते आणि सांगायचं राहून जातं.

पत्त्याचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून ठेवते. वर्डप्रेसमध्ये (साइट चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) टायटलवरून पत्ता आपोआप तयार होतो आणि देवनागरी चिन्हांचं सांकेतिक रूप होतं. एका चिन्हाची नऊ अक्षरं होतात. 'हरिश्चंद्रगड' या एका शब्दाचीच १०८ होतात, आणि वर्डप्रेसची मर्यादा २०० ची आहे. म्हणून लांब मराठी पत्ते मध्येच तुटलेले दिसतात, आणि व्हॉट्सॲपवर पाठवले की टक्क्याच्या चिन्हांची लांबच लांब माळ होते. नव्या पानांना पत्ता रोमन लिपीत, छोटा द्या. जुन्या पानांचे पत्ते मात्र उगाच बदलू नका. बदललेच तर जुन्यावरून नव्याकडे रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्याकडे नेणारी सोय) लावल्याशिवाय नाही.

लांबीबद्दल सगळीकडे '५० ते ६० अक्षरं' हा नियम सापडेल. तो इंग्रजीचा अंदाज आहे. गूगलनं अक्षरांची मर्यादा घातलेली नाही, निकालात टायटल रुंदीनुसार कापलं जातं, संगणकावर साधारण ६०० पिक्सेलच्या आसपास. मराठीत तर मोजणीच वेगळी पडते. 'हरिश्चंद्रगड' वाचताना आपण सहा अक्षरं मोजतो: ह, रि, श्चं, द्र, ग, ड. संगणक मात्र काना-मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळं सुटं धरून १२ मोजतो. त्यामुळे अक्षरं मोजणारं साधन 'टायटल फार लांब आहे' म्हणून लाल पट्टी दाखवतं, तेव्हा घाबरून चांगला शब्द कापू नका. शोधनिकालाचा नमुना दाखवणारी साधनं मिळतात, त्यात किंवा थेट मोबाइलवर बघा. महत्त्वाचं सगळं पहिल्या सहा-सात शब्दांत आलं असेल तर शेपूट कापली गेली तरी बिघडत नाही.

मराठीपुरती आणखी एक बारीक गोष्ट, जी मी प्रत्येक साइटवर तपासतेच. 'रायगडाच्या पायऱ्या' असं पान असेल तर 'पायऱ्या'मधला तो अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: एक ऱ हे वेगळं चिन्ह वापरून, दुसरा साध्या र नंतर न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, आत संकेत वेगळे असतात. जोडचिन्ह गळून गेलं तर 'पायर्या' असा चुकीचा शब्द दिसायला लागतो. तसंच 'ॲ' हे अक्षर एकसंध चिन्ह म्हणूनही येतं आणि अ वर चंद्र चढवूनही. श्री-लिपी किंवा कृतिदेव या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधून रूपांतर केलेल्या मजकुरात असले प्रकार भरपूर राहतात. म्हणून टायटल तरी कुठून चिकटवू नका, युनिकोड कीबोर्डवर हातानं टाइप करा.

साइटचं नाव टायटलमध्ये घालावं का? मुखपृष्ठावर जरूर घाला, आणि तिथे 'मुख्यपृष्ठ' हा शब्द कृपा करून काढा, तो कुणीही शोधत नाही. आतल्या पानांवर शेवटी, थोडक्यात. २०२२ पासून गूगल निकालात साइटचं नाव टायटलच्या वर वेगळं दाखवू लागलं आहे, त्यामुळे तीच जागा दोनदा खर्च करण्यात अर्थ नाही. जुन्या ब्लॉगरच्या साच्यांत ब्लॉगचं नाव आधी आणि लेखाचं नंतर येत असे. तुमचं लेखन तिथून आणलेलं असेल तर ते एकदा तपासा.

'थरारक', 'एकदा पाहाच', 'थक्क व्हाल' हे शब्द टाळा. त्यांनी रँक वाढत नाही आणि तुमच्यासारख्या प्रत्यक्ष चालून लिहिणाऱ्याची पत कमी होते. मेटा कीवर्ड (पानाच्या कोडमध्ये लपलेली शब्दांची यादी) भरत बसू नका. गूगल रँकिंगसाठी ते बघत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं आहे. वर्ष टाकायचं तर तिकीटदर, वेळा खरोखर तपासल्या असतील तेव्हाच टाका.

एक अपेक्षा मात्र आधीच नीट ठेवा: टायटल हा अनेक घटकांपैकी एक आहे. पाचनईच्या पानावर पाणी कुठे मिळतं, जेवण कुठे होतं, गाडी कुठे लावायची हे नसेल तर टायटल कितीही नेमकं असलं तरी पान टिकणार नाही. तुमच्याकडे मजकूर आहे, म्हणूनच टायटलवर मेहनत घेणं तुमच्या बाबतीत कारणी लागेल.

सुरुवात सगळ्या पानांवर एकदम करू नका. सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठी गूगलचं मोफत साधन) जा आणि जी पानं निकालात पुष्कळदा दिसतात पण ज्यांवर क्लिक फार थोडे येतात, अशी पाच-सहा निवडा. प्रत्येक पानासाठी लोकांनी नेमके कोणते शब्द टाइप केले ते तिथेच दिसतं. त्यातला सगळ्यात नेमका शब्दगट टायटलमध्ये आणा, पान पुन्हा इंडेक्स करायची (गूगलनं ते नव्यानं वाचून नोंदवायची) विनंती करा आणि काही आठवडे हात लावू नका. परिणाम बघताना ऋतू विसरू नका. ट्रेकचा शोध पावसाळ्यात उसळतो, भंडारदऱ्याच्या काजव्यांचा मे-जूनमध्ये, आणि मार्चशी जुलैची तुलना केली तर कुठलंही टायटल यशस्वी वाटेल. सर्च कन्सोल १६ महिन्यांची आकडेवारी ठेवतं, त्यामुळे या जुलैची गेल्या जुलैशी तुलना करता येते. तीच करा, आणि पावसाळी पानांची टायटल मे उजाडायच्या आत बदलून ठेवा.