हसदेव नदीच्या काठी शेलमध्ये सापडलेले शिंपले कोणते आणि किती जुने?

तुमचा प्रश्न असा आहे की छत्तीसगडमधल्या मनेंद्रगढला पाहुण्यांकडे गेला होतात, तिथे हसदेवच्या काठावर हिरवट पापुद्र्यांच्या खडकात (म्हणजे शेलमध्ये) शिंपल्यांचे ठसे दिसले, त्यांचे दोन फोटो टाकलेत, ते नदीतलेच जुने शिंपले आहेत का आणि कार्बन डेटिंग करून वय कळेल का. कोळशाच्या कामामुळे त्या पट्ट्यात माझं बरंच फिरणं झालंय म्हणून लिहितोय.

आधी वय सांगून टाकतो. साधारण 28 ते 29 कोटी वर्षं, म्हणजे पर्मियन काळाची सुरुवात. तेव्हा डायनोसॉर यायलाही काही कोटी वर्षं बाकी होती. आणि ते नदीतले नाहीत, समुद्रातले आहेत. आजच्या नदीतल्या शिंपल्या पातळ असतात, आतून चकचकीत असतात आणि वाळूत सुट्या पडलेल्या मिळतात, तुमचे ठसे खडकाच्या थराच्या आत आहेत. थर फोडल्यावर एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला तोच खळगा दिसला की तो जीवाश्म.

आता ओळख. पहिल्या फोटोत हातपंख्यासारख्या एका टोकातून पसरणाऱ्या रेघा आहेत, वरची कड सरळ आहे आणि त्या कडेला दोन बाजूंना छोटे कान आहेत, हा बहुतेक अविक्युलोपेक्टेन. दुसरा जाड, गोलसर, चांगला फुगलेला, त्याच्यावर उभ्या रेघा नाहीत फक्त वाढीची वलयं आहेत आणि चोच (बिजागरीजवळचं वळलेलं टोक) मोठी, तो युरिडेस्मा वाटतो. नक्की करायला बिजागरीची बाजू, म्हणजे शिंपल्याचे दोन भाग जोडलेले असतात ती, दिसली पाहिजे, तुमच्या फोटोत नेमकी तीच दगडात गेलीय. आणखी एक बघून घ्या, एकाच झडपेच्या (शिंपल्याच्या दोन भागांपैकी एकाच्या) मधोमध रेघ मारली आणि दोन्ही अर्धे सारखे आले तर तो शिंपला नाही, ब्रॅकिओपॉड आहे, तो वेगळाच प्राणी. शिंपल्याची एकटी झडप सहसा अशी सारखी नसते, त्याच्या दोन झडपा एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा असतात (अविक्युलोपेक्टेनसारख्या पंख्याच्या आकाराच्या शिंपल्यांत थोडा फरक असतो पण कान बघितले की गोंधळ होत नाही).

युरिडेस्मा सापडणं ही खरंच मोठी गोष्ट आहे हो. हा थंड पाण्यातला प्राणी, आणि तो ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, नामिबिया, अर्जेंटिना आणि पाकिस्तानातल्या मिठाच्या डोंगररांगेतही याच सुमाराच्या खडकांत मिळतो, कारण तेव्हा हे सगळे भूभाग गोंडवन म्हणून एकत्र होते आणि आपण पार दक्षिणेला होतो, बर्फाखाली. तुमचा शेल ज्या थरांतला आहे त्यांना तालचीर म्हणतात, ओडिशातल्या तालचेरवरून. हा शेल बऱ्याचदा लांबट बारीक काड्या होऊन फुटतो, आणि मध्येच एखादा मोठा गोटा एकटाच बसलेला दिसतो, तो तरंगत्या हिमखंडातून खाली पडलेला असतो. महाराष्ट्रातही याचा पुरावा आहे, चंद्रपूर जिल्ह्यात इरईजवळ पैनगंगेच्या पात्रात तालचीरखालच्या चुनखडीवर हिमनदीने ओरखडे काढलेत, 1870 च्या दशकात भूशास्त्रज्ञ फेडन यांनी ते नोंदवले. पुढे बर्फ वितळला, समुद्र वाढला, जमीन बर्फाच्या वजनाने अजून दबलेलीच होती, त्यामुळे समुद्राचा एक फाटा थेट आत शिरला. तो कुठल्या बाजूने आला यावर भूशास्त्रज्ञांचे अजून वाद चालू आहेत. नंतर तो मागे हटला, नद्या आणि दलदली आल्या आणि त्यातून मनेंद्रगढजवळच्या चिरमिरीचा कोळसा झाला, म्हणून तिथल्या कोळशाच्या थरांत पानांचे ठसे मिळतात, असे शिंपले नाही. पश्चिमेला मध्य प्रदेशातल्या उमरियालाही असाच समुद्री थर आहे, तो 1921 मध्ये के. पी. सिनोर यांना सापडला, तिथे ब्रॅकिओपॉड भरपूर.

कार्बन डेटिंगचं म्हणाल तर त्याची पोच 50 हजार वर्षांच्या आसपास संपते, इथे त्याचा काहीच उपयोग नाही. मग वय कसं काढतात? एक तर प्राण्यांवरून, युरिडेस्मा थोड्याच काळात जगला आणि दूरवर पसरला, त्यामुळे तो दिसला की काळाची चौकट मिळते. आणि नामिबियात याच सुमाराच्या थरांत ज्वालामुखीच्या राखेचे पातळ पट्टे आहेत, त्या राखेतल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांत युरेनियमचं शिसं किती झालंय ते मोजून वर्षं काढता येतात, मग तिथला आकडा जीवाश्मांच्या आधाराने इकडच्या थरांना लावतात.

आणि कृपा करून तिथे हातोडी चालवू नका. आमाखेरवाजवळची ती जागा 1954 मध्ये एस. के. घोष यांना सापडली आणि 1982 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ती राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जाहीर केलीय, पट्टा फार मोठा नाही, हसदेवच्या काठाने किलोमीटरभरच, आणि प्रत्येकाने एकेक तुकडा घरी नेला तर संपायला वेळ लागणार नाही. एकदा जागेवरून हलवलेला तुकडा कुठल्या थरातला होता हेही मग कोणाला सांगता येत नाही. परत गेलात तर सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन असताना फोटो घ्या, शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवा, बिजागरीच्या बाजूचा एक फोटो वेगळा काढा आणि खालीवरचे थर दिसतील असा लांबूनही एक घ्या. ते इथे टाकले तर दुसरा नक्की युरिडेस्माच आहे का ते बघून सांगतो.