स्ट्रासबर्गमधल्या ‘बराज व्होबाँ’ या जुन्या वास्तूचा इतिहास काय? तो पूल आहे की धरण?

दोन्ही. पण मुळात ती लढाईसाठी बांधलेली पाण्याची दारं. तिचं जुनं नावच ‘मोठं जलद्वार’ असं होतं.

१६८१ मध्ये चौदाव्या लुईने स्ट्रासबर्ग फ्रान्सला जोडलं. शहर ऱ्हाईनच्या सरहद्दीवर, म्हणून तटबंदी पक्की करणं आलंच. दुर्गस्थापत्यकार व्होबाँ याच्या आराखड्यावरून झाक ताराद या अभियंत्याने १६८६ ते १६९० या काळात इल नदीवर ही वास्तू उभारली. लांबी सुमारे १२० मीटर, कमानी १३, दगड व्होज डोंगरातला गुलाबी वालुकाश्म.

खरी करामत पाण्याची. शत्रू आला की कमानींतली दारं खाली सोडायची. इलचं पाणी तुंबून वर चढायचं आणि शहराच्या दक्षिणेकडची सगळी सखल जमीन पाण्याखाली जायची. मग तिथून ना तोफा पुढे सरकणार, ना फौज. आपल्याकडे किल्ल्याभोवती खंदक खणत. इथे अख्खं शिवारच खंदक करून टाकलं! मला तर व्होबाँच्या तटांपेक्षा ही युक्ती जास्त थोर वाटते.

१८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात जर्मन फौजेने शहराला वेढा घातला, तेव्हा ती खरोखर वापरली गेली. दक्षिणेकडून वाट बंद झाली, पण तोफगोळ्यांना पाणी कसं अडवणार? २८ सप्टेंबरला शहर शरण गेलं.

आता आतल्या लांबलचक बोळात जुनी शिल्पं ठेवली आहेत. गच्चीवर नक्की जा, समोरच जुन्या तटाचे चौकोनी बुरूज आणि मागे कॅथेड्रलचा मनोरा दिसतो.