रंग बदलला, साचाही बदलला का?

प्रश्न : 'ट्रान्सफॉर्मर्स' खेळण्यांतला, विमानाचा रोबो होणारा स्टारस्क्रीम माझ्याकडे आहे. विक्रेता त्याच साच्यातला दुसरा रोबो, थ्रस्ट, जास्त किमतीला देतोय. नुसत्या रंगासाठी पैसे मोजायचे का?

उत्तर : नुसता रंग नाही. १९८४चे स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवॉर्प हे एकाच एफ-१५ विमानाचे तीन रंग. १९८५च्या रॅमजेट, थ्रस्ट आणि डर्ज यांना मात्र वेगळे पंख मिळाले. म्हणून आधी पंखच तपासा. ते निघतात, त्यामुळे हरवतात आणि मग दुसऱ्याचे बसवून खेळणे 'पूर्ण' म्हणून विकले जाते. रोबोच्या मुठीही सुट्या असतात. त्या, शेपटीचे पंख आणि क्षेपणास्त्रे यांचा वेगळा फोटो मागवा. मुठी नसतील तर पूर्ण किंमत देऊ नका.

नव्या आवृत्त्यांत दुखणे निराळे. आधी रंगीत प्लास्टिकमध्येच ओतलेला भाग नव्या रंगसंगतीसाठी रंगवला, की तो थर बिजागरीत घासून पहिल्या दोन-चार रूपांतरांत निघतो. शिवाय सांधा घट्ट होतो. जोर लावला तर पिन बसवलेली जागा तडकते. जुन्या खेळण्यांतले चमचमते सोनेरी प्लास्टिक तर कपाटात ठेवूनही ठिसूळ होते. तसा भाग फिरवून पाहूच नका.

उलट, गोळीचा सांधा (खोबणीत फिरणाऱ्या गोल टोकाचा) सैल असेल तर घाबरू नका. गोळीला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ हात द्या, रात्रभर पूर्ण वाळू द्या, मगच बसवा. ओले बसवलेत तर चिकटलेच म्हणून समजा.