शातो दिकेम एवढी महाग का असते?

शातो दिकेम या फ्रान्समधल्या गोड वाइनची किंमत बागेची की नुसत्या नावाची, असं तुम्ही विचारलंय. नावाची आहेच, पण माझ्या मते त्याहून जास्त ती न केलेल्या वाइनची आहे. १९७२, १९७४, १९९२ आणि २०१२ या सालांची दिकेम निघालीच नाही. पीक मनासारखं उतरलं नाही, म्हणून अख्ख्या वर्षाचं उत्पन्न सोडून दिलं.

बोर्दोच्या दक्षिणेला सोतेर्न भागातल्या टेकडीवर ही बाग आहे. जवळच सिरों ही छोटी नदी गारोनला मिळते. सिरोंचं पाणी गार, गारोनचं त्यामानाने कोमट, त्यामुळे शरदात पहाटे धुकं दाटतं आणि दुपारी ऊन पडतं. या हवेत द्राक्षांवर बोट्रायटिस ही बुरशी धरते. एरवी ती दिसली की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो. इथे तिचीच वाट बघतात. तिच्यामुळे साल झिरझिरीत होते, मण्यातलं पाणी उडतं आणि साखर, आंबटपणा, सुवास आटून घट्ट होतात. पण एकाच घडातले काही मणी सुकलेले, तर काही टणक असतात. म्हणून तोडणीवाले त्याच ओळींतून साधारण पाच-सहा फेऱ्या मारतात आणि दर वेळी तयार तेवढंच काढतात. एवढं करून एका वेलीमागे जेमतेम ग्लासभर वाइन! मध्येच पावसाची झड लागली तर तीही हातची जाते.

बाग १५९३ पासून सोवाज घराण्याकडे होती. मला या इतिहासात सर्वांत मोठी वाटते ती याच घराण्यातली फ्रांस्वाज-जोझेफीन. १७८५ मध्ये लुर-सालुस घराण्यात लग्न, तीन वर्षांत वैधव्य, मग फ्रेंच क्रांतीच्या काळात तुरुंगवास. तरी तिने बाग हातची जाऊ दिली नाही, उलट १८२६ मध्ये वाइन मुरवण्यासाठी नवं कोठार बांधलं. बोर्दोच्या वाइनच्या १८५५ मधल्या प्रतवारीत सोतेर्नमध्ये दिकेमला सर्वांहून वरचा, एकटीचा दर्जा मिळाला. आता मालकी एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या फ्रेंच समूहाकडे आहे.

वाइन मुख्यतः सेमियों द्राक्षांची, जोडीला सोव्हिन्यों ब्लां. गोड भरपूर, पण आंबटपणा तोलून धरतो म्हणून जिभेवर चिकट राहत नाही. तरुणपणी जर्दाळू, मध, संत्र्याची साल. मुरल्यावर केशराकडे झुकते.

पहिल्यांदाच घेणार असाल तर अर्धी बाटली बघा, नाहीतर शेजारच्या शातो सुदुइरोपासून सुरुवात करा. फार गार करू नका, सुवास दबतो. सोबत रोकफोर चीज ठेवा.