त्या गिधाडाच्या जागी कोण बसलंय?

पत्र, थोडं आटोपतं घेऊन : चार वर्षं आईचं अंथरुणातलं सगळं मीच केलं. दादा लांब असतो. फोन करायचा, पैसे पाठवायचा, पण आला तो सगळं संपल्यावर. आई जाऊन आठ महिने झाले. मला रडू आलं नाही. उलट पहिल्या रात्री ‘सुटले’ असं वाटलं आणि त्याचीच लाज वाटते. तेव्हापासून चित्रं काढतेय. माणसं काढवत नाहीत, प्राणीच येतात. शेवटच्या चित्रात आईची कॉट आहे आणि कठड्यावर गिधाड. दाराशी एक रोडावलेली कुत्री उभी आहे, पुढचा एक पाय उचललेला. तो पाय किती वेळा पुसून पुन्हा काढला याला गणती नाही. कधी आत येतेय असं वाटतं, कधी बाहेर निघालीय असं. दादानं चित्र बघून विचारलं, “हे गिधाड म्हणजे मी ना?” मी नाही म्हटलं. महिना झाला, तो बोलत नाही. चित्रवर्गातले सर म्हणतात, प्राण्यांच्या आड लपणं हा भित्रेपणा आहे, स्वतःचा चेहरा काढ. मी भित्री आहे का? चित्र फाडून टाकू का?

उत्तर

फाडू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

सरांना म्हणावं, पॉला रेगो या चित्रकर्तीची चित्रं बघा. 1981मध्ये तिनं लाल माकडाची एक चित्रमालिका केली. माकड, अस्वल आणि एका कानाचा कुत्रा ही पात्रं तिच्या नवऱ्याच्या लहानपणच्या खेळण्यातल्या नाटकघरातली. त्यांच्याकरवी तिनं एका लग्नातली मारहाण, मत्सर आणि सूड रंगवला. एका चित्रात बायको कात्रीनं माकडाची शेपूट कापते आणि माकड ओकतंय. माणसांची तोंडं देऊन हे काढलं असतं, तर बघणाऱ्यानं आधी घरातली भानगड शोधली असती. माकड आहे म्हणून आपण हसतो आणि हसता हसता दचकतो. हीच बाई 1994मध्ये ‘डॉग वुमन’ काढते. त्यात कुत्रा नाहीच. हातापायांवर ओणवी झालेली, दात विचकणारी बाई आहे. मधली तेरा वर्षं ती लपून बसली होती असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आणि चेहराच हवा असेल तर मेक्सिकन चित्रकार फ्रीडा काहलोचं 1946चं जखमी हरीण आहे. पाठीच्या कण्यावर मोठी शस्त्रक्रिया झाल्यावरचं हे चित्र. धड हरणाचं, त्यावर तिचं स्वतःचं तोंड, अंगात नऊ बाण. तोंडावर मात्र टिपूस नाही. जे काही होतंय ते सगळं हरणाच्या अंगाला होतंय. ‘मला रडू आलं नाही’ हे तुमचं वाक्य वाचलं तेव्हा मला आधी हेच चित्र आठवलं.

आता गिधाड. इथे मी जरा कडू बोलणार आहे.

काही प्राणी आपल्या हातात येण्याआधीच भाषेनं रंगवून ठेवलेले असतात. कोल्हा धूर्त, गाय गरीब, मगरीचे अश्रू खोटे आणि गिधाड टपून बसलेलं. असा प्राणी काढला की बघणारा चित्र बघत नाही, त्याला म्हण आठवते आणि तो बोट कोणाकडे आहे ते शोधू लागतो. दादांनी तेच केलं. तुमची कुत्री वेगळी आहे. तिच्यावर कुठल्या म्हणीचं ओझं नाही, तिची तुम्ही फक्त हाडं आणि पाय बघितलेत. चित्रकार तय्यब मेहतांनी कत्तलखान्यात पाय बांधून पाडलेला बैल पाहिला होता. तो पुढे वर्षानुवर्षं त्यांच्या कॅनव्हासवर येत राहिला. त्यात बघण्याची जी ताकद आहे, ती तुमच्या कुत्रीत आहे, गिधाडात अजून नाही.

म्हणून गिधाड पुसायच्या आधी नीट बघा. छायाचित्रं बघा, स्केचवहीत दहा-बारा काढा. ते सहसा मारत नाही, मेलेलं खातं. त्याच्या पायांत घारीसारखी पकड नसते, त्यामुळे भक्ष्य उचलूनही नेता येत नाही. सगळं संपल्यावर येणारा पक्षी. हेच शब्द तुम्ही दादांसाठी वापरलेत, पत्र काढून बघा. तेव्हा ‘नाही’ म्हणालात ते खोटं होतं आणि दादांना ते कळलं, म्हणून अबोला.

पण त्या खोलीत शेवटाची वाट आणखी कोण बघत होतं? चार वर्षं, रोज रात्री, श्वास मोजत? ‘सुटले’ कोणाला वाटलं? मला वाटतं, त्या कठड्यावर तुम्ही दोघंही बसला आहात. माणसाचा चेहरा काढला असता तर एकच कोणीतरी मावलं असतं. पक्ष्याच्या अंगात दोघं मावतात, एकाचा राग आणि दुसऱ्याची लाज धरून. (लाज वाटते म्हणालात म्हणून सांगते : दीर्घ आजारपण निस्तरलेल्या कित्येक माणसांना असंच हलकं वाटतं. बहुतेक जण बोलत नाहीत, एवढंच. त्यात आईवरचं प्रेम कुठे कमी पडत नाही. पण झोप उडाली असेल, दिवस ढकलवत नसतील, तर नुसत्या चित्रांवर भागवू नका, समुपदेशकाशीही बोला.)

दादांना फोनवर सांगू नका, चित्रासमोर बसवा. “हो, थोडा तू आहेस. जास्त मी आहे,” एवढंच म्हणा आणि गप्प बसा. चार वर्षांचा हिशेब त्याच बैठकीत काढू नका, तो निघणारच आहे कधीतरी. ते उठून गेले तर जाऊ द्या. चित्र प्रदर्शनात लावायचं असेल, तर ते या बोलण्यानंतर. घरच्या माणसाला भिंतीवरून कळू नये.

राहिला कुत्रीचा पाय. स्पॅनिश चित्रकार गोयानं म्हातारपणी, 1819 ते 1823च्या दरम्यान, स्वतःच्या घराच्या भिंतींवर चित्रं काढली. त्यातल्या एकात कुत्र्याचं फक्त डोकं दिसतं, वर मातकट पिवळा रिकामेपणा. तो बुडतोय की कोणाकडे बघतोय, हे आजवर ठरलेलं नाही. गोयानं त्या चित्राला नावही दिलं नाही. तुम्हाला आत राहायचंही होतं आणि पळून जायचंही होतं, मग तो पाय एका बाजूला कसा पडेल? पुढच्या वेळी खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवून बसा. आणि गिधाडाची स्केचेस झाली की मला पाठवा, खरंच बघायची आहेत.